काजळाची करंगळी

गोणपाटाचा पडदा आधी जरासा हलला, मग त्याच्या कडेतून एक हात बाहेर आला. मनगटात काचेच्या हिरव्या बांगड्या, बोटांना कणकेचा लगदा अजून चिकटलेला. त्या हाताने दीड-दोन वर्षांच्या एका पोराचं मनगट धरलं होतं आणि त्याची डावी करंगळी आमच्यापुढे केली होती, वाण्यापुढे सुटे पैसे धरावेत तशी. नखावर आणि नखामागच्या कातडीवर काळा डाग. "पिला दिया, बूथ पे," आतून आवाज आला. पोराचं अर्धं तोंड फटीतून दिसत होतं. नाक वाहत होतं आणि ते माझ्या हातातल्या खडूकडे टक लावून बघत होतं. मागे सांच्यांची खटखट चालूच. मालेगावात पॉवरलूमला सांचाच म्हणतात, आणि मोसम नदीच्या पुलापलीकडे गेलं की ती खटखट कानांपेक्षा दाढांत जास्त जाणवते.

जानेवारी २०१३. पोलिओ बूथचा रविवार होऊन गेला होता, आता घरोघर फिरायचं होतं. आम्ही तिघी: मी, दवाखान्यातली एक शिकाऊ नर्स आणि आपा. आपा त्याच मोहल्ल्यातली अंगणवाडी सेविका. तिला सगळेच आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणतात. माझ्याहून सहा वर्षांनी लहान असूनही मीही आपाच म्हणायचे. नर्सच्या खांद्याला लसीचा निळा डबा, माझ्याकडे टॅली शीट आणि खडू, आणि आपाकडे म्हटलं तर काहीच नाही. तिच्या हाती मोहल्ला होता.

आपा वाकली. "अरे मेरा शेर," म्हणत तिने पोराची करंगळी लाडाने हातात घेतली आणि अंगठ्याने हलकेच चोळली. सरळ होताना तिचा अंगठा मला दिसला. काळा झाला होता. थेंब पाजल्यावर लावतो त्या आमच्या मार्करची शाई अशी निघत नाही, चांगली आठ-दहा दिवस राहते. हे काजळ होतं. आपाने अंगठा बुरख्याच्या बाहीत पुसला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "टीचर, लिखो. बच्चा बाहर गया है."

"बाहेर कुठे? हा काय समोर उभा आहे."

मधेच बोलणाऱ्या पोराकडे मी वर्गात जशी बघते, तशी तिने माझ्याकडे बघितलं. "बाहर गया है. शाम तक आएगा."

मी लिहिलं. तिने माझ्याकडून खडू घेऊन चौकटीशेजारी फुली मारली आणि आम्ही पुढच्या दाराशी गेलो. ज्या घरातली सगळी पोरं लस प्यायली त्या घरावर 'पी', एखादं राहिलं तर फुली. साधा हिशेब. पण फुलीच्या पोटात आणखी हिशेब असतात: पोर आजारी, पोर गावाला, पोर बाहेर आणि इन्कार. मला त्यातलं खरं माहीत होतं आणि मी खोटं लिहिलं. वीस वर्षं हजेरीपट भरणाऱ्या बाईला हे लागणारच. दिवसभर सोबत चालत होतो, पण त्या दिवशी मी आपाशी धड बोलले नाही.

माझा जन्म मोसम नदीच्या अलीकडचा. शाळा अलीकडे, सासर अलीकडे, नोकरी अलीकडे. पलीकडे आम्ही कापड घ्यायला जायचो, ते दुकानापर्यंत. चाळीस वर्षांत मी तिथल्या एकाही घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता, आणि हे सांगताना आज वाटणारी लाज तेव्हा वाटत नव्हती. पोलिओची ड्यूटी लागली म्हणून गेले. पहिल्या दिवशी नाकाला जाणवला तो सुताला लावायच्या सायझिंगच्या खळीचा आंबूस वास, मग कोळशाच्या धुराचा, मग एकदम कुठल्याशा घरातून वेलदोड्याचा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी दारात शिरायचं. आणि दारं. एवढी दारं मी आयुष्यात ठोठावली नाहीत. काही पत्र्याची, काही नुसते पडदे, काही दारांमागे दुसरं दार. आपा कडी वाजवायची नाही. बाहेरूनच हाक मारायची, प्रत्येक घराला वेगळी: कुठे "खाला", कुठे "भाभी", कुठे नुसतंच "सुनती क्या". आवाज ओळखला जायचा आणि आतली बाई डोक्यावर पदर घेऊन यायची. मी हाक मारून पाहिली. आतली भांडी वाजायची थांबली, पण बाहेर कुणी आलं नाही.

त्या जानेवारीला आणखी एक सावली होती. महिन्यापूर्वीच, डिसेंबर २०१२ च्या तिसऱ्या आठवड्यात, कराची आणि पेशावरकडे पोलिओचे थेंब पाजत फिरणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. दोन-तीन दिवसांत नऊ जण गेले, बहुतेक बायका. रोजाचे अडीचशे रुपये मिळत होते त्यांना, पाकिस्तानी. आम्हाला पंचाहत्तर. दुपारी एका हॉटेलच्या मागच्या बाकावर कट चहा घेताना आपाने हे काढलं. म्हणाली, तिच्या खालाची मुलगी कराचीत हेच काम करते. फाळणीनंतर खालाचं घर तिकडे गेलं, फोनवर ईद-बकरीदेला बोलणं होतं. "उस दिन फोन लगाती रही, लगाती रही. रात को उठाया. बोलती, सो रही थी." आपा हसली. "झूठी. रो रही थी."

पुढे या बहिणीशी माझंही बोलणं झालं, दोन-चारदा, आपाच्या फोनवरून, स्पीकरवर. तिचं उर्दू आपाच्या उर्दूपेक्षा साफ, आणि मध्येच "आप के बंबई में" असं म्हणायची. मालेगाव आणि मुंबई तिच्या लेखी एकच. तिच्याकडून ऐकलं आणि मग जमेल तसं वाचत गेले. पाकिस्तानात तिला 'लेडी हेल्थ वर्कर' म्हणतात. वस्तीत नुसतं 'बाजी'. बेनझीर भुट्टोंच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १९९४ मध्ये ही योजना सुरू झाली, आणि वाढत वाढत या बायकांची संख्या लाखाच्या घरात गेली. अटी मोजक्या. आठवी पास हवी. शक्यतो लग्न झालेली. आणि ज्या वस्तीत काम करायचं, तिथेच राहणारी हवी. तीन महिने वर्गात शिकायचं, पुढचं वर्षभर काम करता करता. साधारण हजार माणसं एकीच्या वाट्याला. तिचं स्वतःचं घर म्हणजे 'हेल्थ हाउस', दारावर पाटी. पिशवीत लोहाच्या गोळ्या, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, कुटुंब नियोजनाच्या गोळ्या आणि निरोध. तान्ह्यांचं वजन करायला काटा.

'तिथेच राहणारी हवी' ही अट मला फार वेळ अडवून बसली. सरकारी कागदावर ती सोय म्हणून आली असणार. बाहेरगावची नर्स तिथे टिकत नाही, तिला खोली मिळत नाही, एकटीला रात्री कोण राहू देणार. मग गल्लीतलीच सून नेमा. तिला बस पकडायची नाही, परक्या मोहल्ल्यात शिरायचं नाही, पडदा मोडतोय असं कुणाला म्हणता येणार नाही. म्हणजे भिंत पाडायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही, भिंतीच्या आतलीच एक बाई कामाला लावली. पण दर महिन्याला औषधं घ्यायला आणि बैठकीला आरोग्य केंद्रावर जावं लागे, आणि केंद्र गल्लीत नव्हतं. कराचीच्या बहिणीने सांगितलं, पहिले सहा महिने धाकटा दीर सोबत यायचा आणि बाहेर पानाच्या ठेल्यावर उभा राहायचा. मग त्याला कंटाळा आला. मग शेजारच्या वस्तीतली दुसरी बाजी आणि ती, दोघी मिळून जाऊ लागल्या. मग दुसरीला दिवस गेले. "फिर मैं अकेली गई. किसी ने पूछा ही नहीं." एवढंच सांगून ती दुसऱ्या विषयावर गेली. मीच तिथे अडकले. दहा वर्षं डोक्यात घातलेली भीती, आणि त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

पाटीचंही तिने सांगितलं. नवऱ्याला ती पाटी नको होती. घराला सासऱ्यांच्या नावाने ओळखत, त्यावर बायकोचं 'हेल्थ हाउस' कशाला? पाटी महिनाभर कपाटामागे पडून होती. तपासणीला येणाऱ्या बाईने विचारलं तेव्हा ठोकली. आता रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नवराच म्हणतो, "बाजी वाला घर." हे सांगताना ती इतकी हसली की स्पीकर खरखरला.

आमच्याकडेही नर्सबाईला काही पायघड्या नव्हत्या, हे इथे लिहिलंच पाहिजे. नाहीतर पुलापलीकडच्यांना शहाणपण शिकवायला बसल्यासारखं होईल. माझी आत्या सत्तरच्या दशकात नर्सबाई होती, बागलाणातल्या एका गावात. एकटी राहायची. रात्री-अपरात्री बाळंतपणाला बोलावणं यायचं आणि कंदील घेऊन पुरुषमाणसाबरोबर जावं लागायचं. तिच्या हातून सुटलेल्या बायकाच दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिच्याबद्दल काय बोलत, ते तिने आईला सांगितलेलं मी पांघरुणातून ऐकलं आहे. तिचं लग्न उशिरा झालं, आणि घरातल्या कुणी कारण विचारलं नाही, कारण सगळ्यांनाच ते माहीत होतं.

त्यातच १९७६ साल आलं, आणीबाणीचं. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. त्यांना 'केसेस' आणायच्या होत्या, नसबंदीच्या, नाहीतर पगार अडकणार. महाराष्ट्राने तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर करून घेतला होता, राष्ट्रपतींची सही न झाल्याने तो राहिला. त्या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. वडील संध्याकाळी सायकल काढून वस्त्यांवर जायचे आणि लोक त्यांना लांबून बघून शेतात पळायचे. जो माणूस त्यांच्या पोरांना बाराखडी शिकवत होता, त्याला बघून. आत्याला तर गावात दूधही मिळेना. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी पोलिओच्या थेंबांनी पोरं वांझ होतात ही अफवा पुलापलीकडे ऐकली, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, काय हे अडाणी लोक. आणि रात्री अंथरुणावर वडिलांची सायकल आठवली. सरकार फुकट काहीतरी द्यायला दारात येतं, तेही पुन्हा पुन्हा, आणि खोकल्याचं औषध मागायला गेलं तर दवाखान्यात मिळत नाही. मग माणसाने काय समजायचं?

पाकिस्तानात हे आणखी पुढे गेलं. २०११ मध्ये बिन लादेनचा माग काढायला अमेरिकेच्या हेरांनी अबोटाबादेत हिपॅटायटिस-बी लसीकरणाची एक मोहीम चालवली, एका डॉक्टरला हाताशी धरून. लसीच्या नावाखाली घराच्या आत शिरायचं होतं. ते बाहेर आल्यावर लसीचा डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईकडे लोक कसे बघू लागले असतील, याची कल्पना करायला मला फार लांब जावं लागत नाही. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असं अमेरिकेने २०१४ च्या मे महिन्यात लिहून दिलं. त्याच वर्षी पाकिस्तानात पोलिओच्या ३०६ केसेस झाल्या. कुठल्यातरी बंद खोलीत ठरलेल्या डावाची किंमत कराचीच्या गल्लीत पायी फिरणाऱ्या बाईने मोजली, रोज अडीचशे रुपयांत.

त्याच्या आधीचं, पाकिस्तानातलं स्वात खोरं. तिथे तालिबानचा मुल्ला फजलुल्ला एफएम रेडिओवरून बोलायचा. मुलींच्या शाळांविरुद्ध तो काय बोलला ते आपल्याला माहीत आहे, पण या लेडी हेल्थ वर्कर बायकांविरुद्ध काय बोलला ते आपल्याकडे फारसं कुणी लिहिलं नाही. परक्या घरांत एकट्या जातात, कुटुंब नियोजनाच्या गोळ्या वाटतात, म्हणून त्या बदचलन. रेडिओवर नावं घेऊन. ज्या बाईचं नाव शेजारच्या गल्लीतही पुरुषाच्या तोंडी यायचं नाही, ते संध्याकाळी अख्ख्या खोऱ्यातल्या घराघरांत ऐकू जायचं. काहींनी काम सोडलं. काही पिशवी बुरख्याखाली लपवून जात राहिल्या. मला या दुसऱ्यांपेक्षा पहिल्यांचा विचार जास्त येतो. त्यांना कुणी शूर म्हणणार नाही. पण आठवी शिकून, सासूची मनधरणी करून, पाटी लावून घेतलेली बाई एका संध्याकाळी ती पाटी उतरवते तेव्हा हातात हातोडी कोण धरत असेल? नवरा, की ती स्वतः?

शूर-बिर म्हणणाऱ्यांचा मला एकूणच थोडा राग आहे. 'आरोग्यदूत', 'रणरागिणी' वगैरे शब्द महिला दिनाच्या बॅनरवर बरे दिसतात. त्यामागचा व्यवहार असा, की बाई शेजारधर्म म्हणून तसंही चार घरी जातेच, आजाऱ्याला पेज नेऊन देतेच, मग त्याच जाण्याला पिशवी अडकवा, रजिस्टर द्या आणि पगार म्हणू नका, मानधन म्हणा. पाकिस्तानात हेच, आपल्याकडेही हेच. फरक झाला तो पुढे. त्या गल्लीपुरत्या म्हणून नेमलेल्या बायका एक दिवस हायवेवर जाऊन बसल्या. सिंधमधल्या बुशरा आराईं स्वतः याच योजनेतल्या; त्यांनी संघटना उभी केली, वाहतूक अडवली, लाठ्या खाल्ल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. किमान वेतन मागितलं, मग कायम नोकरी मागितली, आणि २०१२-१३ च्या सुमारास ती मान्य करून घेतली. मार्च २०१८ मध्ये लाहोरच्या मॉल रोडवर रात्री रस्त्यातच अंथरुणं घालून बसलेल्या बायका मी फोटोत पाहिल्या. काळे बुरखे, पांढऱ्या चादरी, मांडीवर पोरं, मध्ये स्टीलचे डबे. योजनेच्या कुठल्याही कागदावर हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं नसणार. माता मृत्यू कमी करा, मुलांना लसी द्या, कुटुंब लहान ठेवा, एवढंच. पण ज्या बाईला दोनशे घरांत ओळख मिळते, दर महिन्याला हातात स्वतःचे पैसे येतात आणि स्वतःच्या सहीचं रजिस्टर असतं, ती हिशेब विचारायला लागतेच. ही गोष्ट ठरवून झालेली नाही, म्हणून तर मला ती खरी वाटते.

आपाही पुढे २०१७ च्या संपात आझाद मैदानावर जाऊन आली. तिच्या नवऱ्याने सकाळच्या गाडीसाठी डबा भरून दिला, म्हणजे त्याने स्वतः नाही, मुलीकडून भरून घेतला. सुधारणा अशीच होते, चमचा-चमचा.

चमच्यावरून आठवलं. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून जास्त आयांना घरी जाऊन जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. पाकीट नाही, घरातलंच: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या साध्या खेड्यातल्या बायका. गंमत त्यांच्या पगाराची होती. महिन्याभराने दुसराच कुणी अचानक त्यातल्या काही घरांत जायचा, आईला प्रश्न विचारायचा, समोर पाणी करून दाखवायला लावायचा, त्यातलं मीठ तपासायचा. आईला जेवढं आठवेल आणि जमेल तेवढा शिकवणारीचा मोबदला. आमच्या शिक्षकांना ही पद्धत लावली असती तर, हा विचार मी लगेच झटकून टाकला. पण बघा, त्या बायकांनी मग काय केलं असेल: आईच्याच चुलीपाशी बसून, तिच्याच भांड्यात, तिच्याच हाताने करून घेतलं. भाषण दिलं असतं तर पगार बुडाला असता.

तिथेच मेघनेकाठी मतलब नावाचा भाग आहे. नावच मतलब. तिथे १९७५ मध्ये कुटुंब नियोजनाच्या गोळ्या वाटायला आधी वयस्क, बहुतेक विधवा, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका नेमल्या. हेतू चांगला होता: म्हाताऱ्या बाईला कोण अडवणार? काम चाललं नाही. १९७७ मध्ये तरुण, शिकलेल्या, लग्न झालेल्या, आणि स्वतः कुटुंब नियोजन करणाऱ्या बायका घेतल्या आणि गाडी चालली. माझ्या मते कारण उघड आहे. म्हातारीला सांगितलेलं सासूपर्यंत पोचतं. बरोबरीचीला सांगितलेलं पोटात राहतं. या तरुण पोरी बाहेर पडल्यावर लोक म्हणायचे, पडदा सोडला. मग काळी छत्री आली. पाऊस असो-नसो, बांधावरून जाताना छत्री खाली धरून चालायचं, समोरून पुरुष आला की ती कलती करायची. चालता-बोलता पडदा. त्याच छत्रीखालून गावोगाव फिरून झालं.

पोटात राहणं हाच या कामाचा खरा कस आहे, हे मला कराचीच्या बहिणीने सांगितलं, अर्थात असल्या शब्दांत नाही. तिच्या वस्तीत कुणाच्या गोळ्या कुठे असतात ते तिला तोंडपाठ आहे: एकीच्या तांदळाच्या डब्यात, एकीच्या शिवणाच्या मशीनच्या खणात, एकीच्या तर तिच्याच घरी, 'हेल्थ हाउस'च्या कपाटात, रोज संध्याकाळी ती मीठ मागायला येते आणि गोळी घेऊन जाते. नवऱ्यांना माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि माहीत नसल्याचं ठरलं आहे. "वो भी पूछते नहीं, मैं भी बताती नहीं." मला यात थोडं अस्वस्थही वाटतं. एका बाईच्या हातात सगळ्या वस्तीची गुपितं, आणि ती सरकारची नेमलेली. उद्या कुणी ते रजिस्टर मागितलं तर? मी विचारलं. पलीकडे जरा वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "रजिस्टर में वो सब थोड़ी लिखते हैं, टीचर."

ते ऐकलं आणि मला आपाची ती फुली कळली. 'इन्कार' लिहिलं असतं तर संध्याकाळच्या बैठकीत ते घर यादीत गेलं असतं. सकाळी गल्लीत जीप, साहेब, नगरसेवक, सोबत मौलानासाहेब. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं. एकदा चारचौघांत नाही म्हटलं की घरातल्या कर्त्याला हो म्हणायची वाट उरत नाही. आपाने ती वाट बुजू दिली नाही, एवढंच केलं होतं. माझ्या टॅली शीटवर खोटं लिहून.

पण खरं तर मला हे सगळं समजायच्या आधीच, त्या जानेवारीच्या गुरुवारी, आपाने निरोप पाठवून मला घरी बोलावलं होतं. मी जरा घुश्शातच गेले. तिच्या दाराआत पहिल्यांदाच. जमिनीवर फुलाफुलांचं प्लास्टिक, कोपऱ्यात शिलाई मशीन, भिंतीवर काबेचं कॅलेंडर आणि त्याखाली अंगणवाडीचा वजनाचा तक्ता. तिने ताटलीत नानकटाई ठेवली आणि म्हणाली, टॅली शीट काढा, 'बाहेर गेलेला' परत आला. आदल्या संध्याकाळी ती हिरव्या बांगड्यांवाली पोराला कडेवर घेऊन साखर मागायला आली होती. लसीचा डबा नर्स तिथेच ठेवून गेली होती, तेही आपाच्याच सांगण्यावरून, हे मला तेव्हा कळलं. नाही म्हणत होती ती सासू. काजळ लावायला सांगितलं तेही सासूनेच.

"मार्कर लावला का?" मी विचारलं. नियम म्हणजे नियम.

"लगाया ना." आपाने नानकटाई माझ्याकडे सरकवली. "काजल के नीचे."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. करंगळी स्वच्छ पुसून शाई लावली, आणि वर पुन्हा काजळ, होतं तसं. सासूला दिसणार ती तिचीच काळी करंगळी. मी फुलीला गोल केला, बाजूला 'पी' लिहिलं, तारीख टाकली. पेन चालेना, दोनदा झटकावं लागलं. शुक्रवारी सांचे बंद होते. एवढ्या शांततेत त्या गल्लीत मी पहिल्यांदाच चालले, भिंतीवरची फुली शोधली आणि तिलाही गोल केला. आतून कुणीतरी पोराला रागावत होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा ड्यूटी आली. आपाच्या दारात एक म्हातारी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, दुखण्याच्या गोळ्या मिळतील का विचारायला. आपाने डोळ्यांनी खुणावलं: तीच. मी सलाम केला. म्हातारीने माझ्या हातातल्या खडूकडे बघितलं, मग आपाकडे.

"काजल बड़ा पक्का है तेरा," ती म्हणाली. "आठ दिन नहीं उतरा."